सात वर्षांच्या नोंदीवरून पाऊस घटला असं म्हणता येईल का?

पावसाबद्दल तरी नाही, भाऊ. तुमच्या रावेरकडच्या महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र चांगलं असेलही, पण सात वर्षं फार थोडी झाली.

खानदेशातला पाऊस लहरी. एखाद्या वर्षी सरासरीच्या पाऊणपट, पुढच्या वर्षी सव्वापट. वर्षावर्षात एवढा फरक पडत असेल, तर सात वर्षांची सरासरी सहज नऊ-दहा टक्के इकडेतिकडे होते. तीस वर्षं धरली तर तीच चूक पाचाच्या आत येते. चूक निम्मी करायला वर्षं चौपट लागतात. जागतिक हवामान संघटना म्हणूनच ३० वर्षांची सरासरी धरते, सध्या १९९१ ते २०२० ची. तापमानाची वार्षिक सरासरी एवढी हलत नाही, त्यामुळे ती लवकर स्थिरावते.

अतिवृष्टीचं गणित मात्र वेगळंच. शंभर वर्षांत सरासरी एकदा येणारा पाऊस ३० वर्षांच्या नोंदीत एकदाही न सापडण्याची शक्यता ७४ टक्के आहे! ‘आपल्याकडे असा पाऊस कधी झालाच नाही’ म्हणून नाल्यावरचा पूल बेतू नये, तो यामुळे.

मोजणी कुठून सुरू केली, यावरही बरंच ठरतं. बहात्तरच्या दुष्काळापासून आलेख काढला तर पाऊस वाढतोय असंच वाटेल. हवामान खात्याच्या आकड्यांत देशभर १९२१ ते १९७० हा काळ तुलनेनं ओला होता, नंतरचा कोरडा. पन्नास वर्षांची नोंदसुद्धा एखाद्या वेळी अशा एकाच टप्प्यात अडकते.

आणि जुनी नोंद म्हणजे आपोआप खरी, असंही नाही. आमच्याकडचं पावसाचं एक जुनं रजिस्टर मी चाळलंय. कित्येक रविवार कोरे, आणि सोमवारी एकदम मोठा आकडा. दोन दिवसांचा पाऊस एका दिवसावर चढलेला. महिन्याची बेरीज बरोबर, पण ‘एका दिवसातला सर्वाधिक पाऊस’ काढायला गेलात तर फसाल. पर्जन्यमापकाशेजारी कडुनिंब वाढला किंवा यंत्र दुसऱ्या जागी हलवलं, तरी आकडे बदलतात, हवामान न बदलता.

तेव्हा तालुक्याच्या जुन्या पर्जन्यमापकाच्या नोंदी मिळवा. यंत्र कधी, कुठे हलवलं तेही विचारा. मग तुमची सात वर्षं तिथल्या त्याच सात वर्षांशी ताडून बघा. दोन्हीकडचे चढउतार जुळले, तर मागच्या काळासाठी त्या नोंदींचा आधार घेता येईल.