गाव पेसात नाही म्हणून दावा परत? आमचंही हेच झालं होतं

रामटेककडच्या तुमच्या टोल्याचा (वस्तीचा) सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायच्या हक्काचा, दावा 'गाव पेसात नाही' (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यात बसत नाही) असा शेरा मारून परत आला, हे वाचलं आणि आमचीच फाईल डोळ्यांपुढे आली. आम्ही पारशिवनीकडचे. शेरा अगदी तोच.

समिती, नकाशा, मोजणी तुमची झालेली दिसते, ते सोडतो. पेसा १९९६ चा आणि फक्त अनुसूचित क्षेत्राला, म्हणजे सरकारने तसं जाहीर केलेल्या आदिवासी भागाला, लागतो. नागपूर जिल्ह्यात तसं क्षेत्रच नाही, म्हणजे बाबूचं निम्मं खरं. पण वनहक्क कायदा २००६ चा, वेगळा, आणि त्याला ती अट नाही. तेव्हा पेसावर वाद घालूच नका. मेंढा-लेखाचा दाखला दिला तर 'ते गडचिरोलीतलं, पेसातलं' म्हणून उडवून लावतात. त्या गावाला २००९ मध्ये जंगलावरचा हक्क मिळाला तो याच वनहक्क कायद्याखाली, पण ऐकतो कोण!

आम्हाला खरं छळलं ते एका कार्यालयाने. नाव घेत नाही, अजून तिथे कामं पडतात. आम्ही टोल्याच्या ग्रामसभेचा ठराव जोडलेला, त्यांना हवा ग्रामपंचायतीचा. पंचायतीत गावं अनेक, सरपंच दुसऱ्याच गावचा, आमच्या जंगलाशी त्याला काय घेणंदेणं? आदिवासी कार्य मंत्रालयाने जुलै २०१२ मध्येच सांगितलंय की पंचायत पातळीवर सभा घेऊन छोट्या वस्त्या वगळू नका. तो कागद पुढे ठेवला तर 'वरून आलं नाही आमच्याकडे'. सगळं तोंडी. साहेब बदलला की पुन्हा पहिल्यापासून. इकडे तेंदूचा हंगाम गेला, पानं ठेकेदाराने नेली.

मी वकील नाही, चुकलो तर जाणकारांनी सांगावं. पण माझं ठाम मत, तोंडी बोलणं बंद करा. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांतला नियम १२अ वाचा. ठराव अपुरा वाटला तर दावा तपासणाऱ्या उपविभागीय समितीने तो नाकारण्याऐवजी ग्रामसभेकडे फेरविचाराला पाठवायचा असतो. ठराव फिरवायचाच असेल तर कारणांसह लेखी आदेश लागतो, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट धरता येत नाही. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस मिळतात. लेखी निर्णयच नसेल तर ते मोजणार कुठून?

त्याआधी ठरावाच्या सह्या तपासा. निम्म्या सभासदांची हजेरी, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. इथे कमी पडलात तर त्यांना आयतंच सापडतं.

आणि हो, तहसीलच्या जुन्या दप्तरात गावाचं निस्तारपत्रक (गावकऱ्यांच्या चराई-सरपणाच्या जुन्या हक्कांची नोंद) मिळतं का बघा. आपल्या भागात चराई-सरपणाचा त्याहून चांगला पुरावा मला तरी दिसला नाही. हिवाळी अधिवेशनात निवेदनं देण्याची हौस असेल तर द्या, फोटो छान येतात.

तुमच्या शेऱ्याखाली सही, पदनाम, तारीख आहे का, ते इथे लिहा. नसेल तर आधी तेच लेखी मागा आणि अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या.