स्वातंत्र्यवादी (लिबर्टेरियन, म्हणजे सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा असं मानणाऱ्या) कार्यकर्त्यांनी सगळ्यांनी मिळून एकाच ठिकाणी राहायला जावं का?

हो, जावं, पण जागा लहान निवडावी आणि तिथल्या जुन्या रहिवाशांना गृहीत धरू नये. अमेरिकेत हा प्रयोग झालेलाच आहे, त्यावरून सांगतो. जेसन सोरेन्स यांनी २००१ मध्ये 'फ्री स्टेट प्रोजेक्ट'ची कल्पना मांडली: अशा विचारांच्या २०,००० जणांनी एकाच राज्यात राहायला जायचं असं सही करून वचन द्यायचं. २००३ मध्ये सभासदांनी मतदान करून न्यू हॅम्पशायर हे राज्य निवडलं. निवड हुशारीची होती. वस्ती जेमतेम १४ लाख, पण राज्याच्या प्रतिनिधिगृहात तब्बल ४०० जागा, म्हणजे साडेतीन हजार माणसांमागे एक आमदार! मानधन वर्षाला १०० डॉलर, त्यामुळे हौशी माणूसच उभा राहतो. अशा ठिकाणी दारोदार फिरणारे पन्नास जणही फरक पाडतात. मोठ्या राज्यात तेच पन्नास कुठल्या कुठे हरवून जातील.

मात्र याच राज्यातल्या क्रॉयडन गावात काय झालं तेही बघा. मार्च २०२२ च्या गावसभेत या चळवळीतल्या एका माणसाच्या ठरावावरून शाळेचं बजेट १७ लाख डॉलरवरून थेट ८ लाखांवर आणलं गेलं. ठराव पास झाला २० विरुद्ध १४ मतांनी, कारण बाकीचं गाव घरीच होतं. मे महिन्यात फेरसभा बोलावली तेव्हा गाव लोटलं आणि ३७७ विरुद्ध २ मतांनी जुनं बजेट परत आलं.

आणि हो, वचनाच्या त्या २०,००० सह्या पूर्ण व्हायला २०१६ उजाडलं. प्रत्यक्ष बिऱ्हाड हलवणारे त्याहून बरेच कमी निघाले.