तुर्तुक: धावती भेट की मुक्काम?

तुमचा प्रश्न असा की लडाखच्या नुब्रा खोऱ्यात हुंडरला दोन रात्री आहेत, तर पुढे सीमेलगतचं तुर्तुक गाव एका दिवसात उरकावं का, आणि 'पाकिस्तानातून आलेलं गाव' ही काय भानगड आहे. माझा आग्रह आहे की हुंडरची एक रात्र कमी करा आणि तुर्तुकला मुक्काम करा. हुंडरहून ते साधारण 80 किलोमीटर आहे, पण दुपारी पोचून तासाभरात परत फिरलात तर रस्त्याकडेची दुकानंच बघून याल. खरं गाव वर आहे. पायऱ्या चढून गेलं की एकदम सपाटी लागते. जवाचं शेत, पाण्याचे पाट, जर्दाळूची झाडं. मधून ओढा वाहतो, त्याच्या एका अंगाला यूल, दुसऱ्या अंगाला फारोल, असे गावाचे दोन भाग. उंची जेमतेम 3,000 मीटर, लेहपेक्षा बरीच कमी. म्हणून इथे जव काढून त्याच शेतात कुट्टू (बकव्हीट) घेता येतो. लेहकडे एकाच पिकावर वर्ष काढावं लागतं.

आता इतिहास. हे बाल्टी लोकांचं गाव. भाषा तिबेटीच्या घराण्यातली, धर्म इस्लाम, आणि जुने राजे खपलूच्या (हे आता पाकिस्तानच्या ताब्यात आहे) यब्गो घराण्यातले. त्यांचा छोटा वाडा यूलमध्ये आहे, जरूर बघा. 1947 पर्यंत लेह, कारगिल आणि स्कर्दू (तेही आता पाकिस्तानच्या ताब्यात) या एकाच लडाख वजारतीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तहसिली होत्या, त्यामुळे श्योक नदीच्या काठाकाठाने खपलूला जाणं ही रोजची गोष्ट. 1947-48 च्या लढाईनंतर गाव पाकिस्तानच्या ताब्यात राहिलं. डिसेंबर 1971 मध्ये मेजर चेवांग रिंचेन यांच्या लडाख स्काउट्सनी (भारतीय लष्करातले स्थानिक जवान) चालुंका, तुर्तुक, त्याक्षी आणि थांग ही चार गावं घेतली. रिंचेन नुब्राचेच. 1948 मध्ये, अगदी पोरवयात, त्यांना महावीरचक्र मिळालं होतं आणि या लढाईसाठी ते दुसऱ्यांदा मिळालं. सिमला करारानंतर ही गावं भारतातच राहिली.

पण त्या डिसेंबरात कोणी नोकरीसाठी, कोणी शिकायला स्कर्दूकडे गेलेलं होतं. ते तिकडेच राहिले. थांगच्या कडेला उभं राहिलं की ताबारेषेपलीकडचं फ्रानू गाव नुसत्या डोळ्यांनी दिसतं, पण रस्ता बंद. म्हणून हात जोडून सांगतो, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना 'तुम्हाला भारत आवडतो की पाकिस्तान' असलं काही विचारू नका. मी हे पर्यटकांच्या तोंडून ऐकलंय आणि समोरच्या आजोबांचा उतरलेला चेहराही पाहिलाय. शेतीचं विचारा, तासभर बोलतील.

मी ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजींनी मला नांगचुंग दाखवलं. डोंगरालगत दगड रचून केलेली बुटकी खोली, दगडांच्या फटींतून गार वारा येतो. बाहेर ऊन चटके देत होतं आणि आत लोण्याचा गोळा घट्ट होता. नंतर त्या ओट्यावर बसून जर्दाळूच्या बिया दगडाने फोडत होत्या. आतला गर बदामासारखा लागतो.

पर्यटकांना गाव 2010 मध्ये खुलं झालं. परवान्याचे नियम बदलत असतात, निघण्याआधी लेहमध्येच विचारून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर ताजे जर्दाळू मिळतील, मात्र झाडावरचे तोडण्याआधी घरच्यांना विचारा. बायकांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. आणि रोख पैसे जवळ ठेवा.