वाचकांचे प्रश्न : आवाँ-गार्द म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत एकही संवाद नव्हता. परीक्षक म्हणाले, ही आवाँ-गार्द आहे. जे कळत नाही ते आवाँ-गार्द, असं असतं का? — एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : नाही. दुर्बोध तर पुष्कळच असतं! कला कोण ठरवतं, ती कुठे आणि कुणापर्यंत पोचते, ही व्यवस्थाच जी कलाकृती मोडू पाहते ती आवाँ-गार्द. फ्रेंच कलावंत मार्सेल द्यूशाँचंच घ्या. १९१७ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाचा नियम होता : सहा डॉलर भरा, काहीही मांडा, निवड समिती नाही. द्यूशाँने 'आर. मट' अशी सही करून मुतारीतलं, बाजारात तयार मिळणारं भांडं पाठवलं आणि आयोजकांनी ते मांडलं नाही. दार सताड उघडं नव्हतं, हे त्या भांड्याने सिद्ध केलं. (मूळ भांडं हरवलं. त्याच्या प्रतिकृती आज संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत, म्हणजे तो धक्काही आता ओसरला.)

तुमची एकांकिका रंगमंचावर, स्पर्धेत, गुणांसाठी झाली. तिला प्रायोगिक म्हणा, त्यात कमीपणा नाही. बंगाली नाटककार बादल सरकारांनी सत्तरच्या दशकात कोलकात्यात रंगमंचच सोडला आणि प्रेक्षकांच्या मधोमध, मैदानात नाटक नेलं. फरक तिथे आहे.

प्रश्न : मराठी साहित्यात असं आवाँ-गार्द काय झालं? आज आम्हाला तसा साहित्याचा अंक काढता येईल का? — तीन मैत्रिणी, उदगीर

उत्तर : १९५४ मध्ये मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि मित्रांनी 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं. टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरं उमटवायची, त्यातून शाई दाबून प्रती काढायच्या. संपादकाच्या होकाराची वाट पाहणं संपलं. आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेतून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक चालवलं. त्याचा घाट, म्हणजे बाह्य रूप, विक्षिप्त नव्हता. पण लिहिणारे कोण, हेच त्याने बदललं. आमच्या मते हा बदल जास्त खोल आहे.

आता तुमचा अंक. १६ पानांसाठी ए-फोरचे चार कागद पुरतात, मधोमध दुमडायचे. सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, मागे २ आणि १५. पुढच्यावर १४ आणि ३, मागे ४ आणि १३. जोडीची बेरीज कायम १७ आली पाहिजे. नाही आली तर पानं चुकली. झेरॉक्सवाल्याला 'आखूड कडेवर पलट' असं आवर्जून सांगा, नाहीतर मागची पानं उलटी छापून येतात.

मजकूर ए-फोर आकारात लावून अर्ध्या पानावर आणला की तो ७१ टक्के होतो. १२ पॉइंटचं अक्षर साडेआठवर येतं, अनुस्वार आणि रफार भरून जातात. म्हणून पान सुरुवातीपासूनच ए-फाइव्ह (ए-फोरच्या निम्मं) घ्या, अक्षर १२ पॉइंट. घडीच्या बाजूला १५ मिलिमीटर जागा सोडा. कडेपर्यंत काळा रंग नको; मशीन काठाला छापत नाही आणि मोठा काळा भाग डागाळतो. फाइल पीडीएफ करूनच द्या. दुकानात तुमचा फॉन्ट नसला तर कवितेची चित्रलिपी होते, आणि ते आवाँ-गार्द नव्हे. पिना घडीवर मारायला लांब हाताचा स्टेपलर लागतो. आधी एकच प्रत काढून, दुमडून, वाचून बघा.