गे फुटबॉल टीममधे पहिल्यांदा खेळायला जाणार असशील तर
अरे घाबरू नकोस, लंडनमधे हे काही नवीन नाही, स्टोनवॉल एफसी हा तिथला गे फुटबॉल क्लब 1991 पासून आहे. तू गे आहेस का स्ट्रेट हे कोणी विचारत बसत नाही, अलाय म्हणून, म्हणजे स्वतः गे नसून पाठिंबा म्हणून खेळणारे पण असतात. डायरेक्ट मॅचला नको, आधी ट्रेनिंगला जा, शिन पॅड (नडगीला लावायचं पॅड) घे कारण त्याशिवाय रेफ्री उतरू देत नाही, आणि ग्राउंड गवताचं आहे का आर्टिफिशियल ते विचारूनच बूट घे.

खरा मुद्दा फोटोंचा. मॅच झाली की टीमचा फोटो इन्स्टावर जातो आणि पुण्यातल्या आत्याला तो सगळ्यात आधी दिसतो :) घरी सांगितलं नसशील तर कॅप्टनला पहिल्याच दिवशी सांगून ठेव, फोटोत नको, टॅग पण नको. आणि मॅचनंतर पबमधे थांब, पीत नसलास तरी, ओळखी तिथेच होतात.