वाचकांचे प्रश्न : चाकाचा जोर पात्यापर्यंत

गेल्या अंकात हाताने ढकलायच्या जुन्या लॉन मूव्हरचं छायाचित्र छापलं होतं. खाली एकच ओळ होती : ‘याला इंजिन नाही, ढकललं की पाती फिरतात.’ ‘म्हणजे कशी?’ असं विचारणारी बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न (सांगली) : गवत कापायचं पहिलं यंत्र कापडगिरणीतल्या यंत्रावरून सुचलं म्हणतात, ते खरं का? आणि त्या काळी पाती फिरायची कशावर?

उत्तर : खरं आहे. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरच्या स्ट्राउड भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. तयार कापडावर तंतूंची लव उभी राहते. ती एकसारखी भादरणाऱ्या यंत्रात फिरत्या दांड्यावर पिळदार पाती असत आणि त्यांना घासून जाणारं एक स्थिर पातं असे. पातं पिळदार असल्यामुळे ते स्थिर पात्याला सगळीकडे एकदम भिडत नाही. कात्रीसारखं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कापत जातं, म्हणून जोर कमी लागतो.

थ्रप गावच्या एडविन बडिंग यांनी हीच रचना हिरवळीवर आणली. पेटंटची तारीख ३१ ऑगस्ट १८३०. तिथल्याच फीनिक्स ओतशाळेचे जॉन फेराबी यांनी यंत्रं बनवायला घेतली. कापणीची रुंदी होती १९ इंच. १८३१ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाने एक यंत्र घेतलं आणि १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम्सनी परवाना घेऊन तीच बनवायला सुरुवात केली.

गिरणीत यंत्र फिरवायला जोर आयता मिळत होता. हिरवळीवर तो आणायचा कुठून? बडिंगनी तो जमिनीकडून घेतला. मागचा जड रोलर ढकलल्यावर फिरणारच. त्याचं फिरणं ओतीव लोखंडाच्या दातेरी चाकांतून पुढच्या पात्यांच्या रिळाला दिलं. रोलरच्या एका फेऱ्याला रिळाचे सोळा फेरे. एवढी वाढ एकाच जोडीत करायची, तर १२ दात्यांच्या पिनियनसमोर (म्हणजे जोडीतल्या लहान चाकासमोर) १९२ दात्यांचं चाक हवं. दाता ३ मॉड्यूलचा धरला (मॉड्यूल म्हणजे मिलिमीटरमधला व्यास भागिले दात्यांची संख्या), तरी ते चाक ५७६ मिलिमीटर व्यासाचं होईल, यंत्रापेक्षा चाकच मोठं! तीच वाढ चारपट-चारपट अशा दोन टप्प्यांत केली, तर ४८ दात्यांच्या दोन चाकांत भागतं. (दात्यांचे हे आकडे हिशोब कळावा म्हणून घेतले आहेत, पेटंटातले नाहीत.)

हे यंत्र चालवणं म्हणजे गावाकडच्या सद्गृहस्थांना गमतीचा, उपयोगी आणि आरोग्यदायी व्यायाम, असं बडिंगनी पेटंटात लिहिलं होतं. प्रत्यक्षात त्या धुडाला लवकरच पुढूनही हँडल लावावं लागलं. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं. सद्गृहस्थ बहुधा खुर्चीत बसून बघत असावेत.

प्रश्न (पुणे, डिप्लोमाचा विद्यार्थी) : दोन बाजूंना चाकं असलेल्या मूव्हरमध्ये दाते चाकाच्या आतल्या कडेला का असतात? बाहेरून भिडणारी साधी जोडी स्वस्त पडली नसती का?

उत्तर : स्वस्त पडली असती, पण गवत कापलं गेलं नसतं. बाहेरून भिडणारी दोन चाकं एकमेकांच्या उलट फिरतात. मूव्हरमध्ये स्थिर पातं रिळाच्या खाली, जरा मागच्या अंगाला असतं. फिरत्या पात्याने समोरचं गवत कवेत घेऊन मागे, स्थिर पात्यावर आणायचं असतं. म्हणजे रिळाची खालची बाजू मागे जायला हवी. पुढे चाललेल्या चाकाची खालची बाजूही यंत्राच्या हिशोबाने मागेच जात असते. थोडक्यात, चाक आणि रीळ एकाच दिशेने फिरायला हवेत. बाहेरून भिडणारी एकच जोडी बसवली, तर पाती गवताला पुढे लोटत राहतील.

दिशा राखायच्या नेहमीच्या वाटा तीन. पहिली म्हणजे वर सांगितलेले दोन टप्पे : एकदा उलट, पुन्हा उलट, म्हणजे सुलट. दुसरी साखळी. तिसरी तुम्ही पाहिलेली, आतल्या दात्यांची. आतून भिडलेलं पिनियन मोठ्या चाकाच्याच दिशेने फिरतं. चाकाच्या आत ६० दाते आणि पिनियनला १२ असले, की एकाच जोडीत पाचपट वेग मिळतो. शिवाय दाते चाकाच्या पोटात झाकलेले राहतात, त्यामुळे गवत आणि खडे कमी अडकतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हलकी, स्वस्त मूव्हर घरोघर गेली, त्यामागे या रचनेचा मोठा हात आहे.

प्रश्न (नाशिक) : मूव्हर हळू ढकललं, तर गवत जास्त बारीक आणि एकसारखं कापलं जाईल का?

उत्तर : नाही. इंजिनच्या यंत्राची सवय असल्यामुळे हा समज होतो. इथे पात्याचा वेग तुमच्या चालण्यालाच बांधलेला आहे. दुप्पट वेगाने चाललात, तर पातीही दुप्पट फिरतील. दोन कापांमधलं जमिनीवरचं अंतर तेवढंच राहील.

ते अंतर घरी काढता येतं. चाकाचा परीघ घ्या. त्याला गिअरच्या पटीने भागा, मग पात्यांच्या संख्येने. चाक २५ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे परीघ ७८.५. पट ५, पाती ५. ७८.५ ला २५ ने भागलं, की साधारण ३.१ सेंटिमीटर. दर ३.१ सेंटिमीटरला एक काप.

हे अंतर आणि गवताची उंची साधारण सारखी असावी. या मूव्हरने ३ सेंटिमीटर उंचीची हिरवळ छान दिसेल. तेच यंत्र १ सेंटिमीटरवर लावलंत, तर हिरवळीवर आडव्या लाटा उमटतील आणि तुम्ही धारेला दोष देत बसाल. क्रिकेटच्या मैदानावर किंवा गोल्फच्या ग्रीनवर रिळाला दहा-दहा पाती का असतात, ते याच भागाकारात आहे.

चालणं एका ठिकाणी मात्र महत्त्वाचं. फार रेंगाळलात, तर यंत्राला गती राहत नाही आणि दाट झुबक्यात रीळ अडतं. नेहमीच्या चालीने, न थांबता ढकला.

प्रश्न (कोल्हापूर) : वडिलांच्या वेळचा दोन चाकांचा मूव्हर आहे. चाकं फिरतात, पण मध्येच पाती थांबतात. उघडून साफ केला, तर आता पुढे ढकलताना पाती फिरतच नाहीत, मागे ओढताना मात्र फिरतात!

उत्तर : दुसऱ्या तक्रारीचं कारण आधी. तुम्ही खिट्टी उलटी बसवली आहे, किंवा डावं-उजवं पिनियन अदलाबदल झालं आहे.

रिळाच्या दांड्याला दोन्ही टोकांना आरपार खाच असते. खाचेत सैल सरकणारी पोलादी पट्टी असते, तीच खिट्टी. पिनियनच्या आतल्या भोकाला एका बाजूने उतरते, दुसऱ्या बाजूने उभे असे दाते असतात. पुढे ढकलताना खिट्टी उभ्या कडेला अडते आणि दांडा फिरतो. मागे ओढताना ती उतारावरून घसरते, कट-कट आवाज येतो आणि रीळ मोकळं राहतं. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये हेच असतं. दोन्ही चाकांना स्वतंत्र खिट्टी असल्यामुळे वळताना बाहेरचं, जास्त वेगाचं चाक रीळ फिरवतं आणि आतलं नुसतं कटकटत राहतं. वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरची, म्हणजे डिफरन्शियलची, वेगळी गरजच उरत नाही.

आता क्रमाने करा. मूव्हर उलटा ठेवा आणि एकेक चाक हाताने फिरवून बघा, म्हणजे दोष कुठल्या बाजूला आहे ते कळेल. चाकाची टोपी, मग कॉटर पिन किंवा क्लिप, मग वॉशर काढा आणि चाक ओढून घ्या. पिनियन काढताना खाली फडकं धरा, कारण खिट्टी टपकन पडते आणि गवतात सापडत नाही. काढण्याआधी तिचा फोटो घ्या. एका बाजूचं सगळं जोडून झाल्याशिवाय दुसरी बाजू उघडू नका. डाव्या-उजव्याची गल्लत टळते. पुष्कळ पिनियनांवर तशी अक्षरंही ठोकलेली असतात, रॉकेलने पुसल्यावर दिसतात.

मध्येच पाती थांबायची, ही तुमची मूळ तक्रार. तिचं नेहमीचं कारण म्हणजे जुनं, घट्ट झालेलं ग्रीस. खिट्टी त्यात चिकटते आणि वेळेवर बाहेर येत नाही. रॉकेल आणि ब्रशने खाच स्वच्छ करा, कोरडी पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. ग्रीस इथे अजिबात नको. ‘भरपूर ग्रीस म्हणजे चांगली देखभाल’ या समजापायीच निम्मे मूव्हर अडतात. मग खिट्टीच्या कडा नखाने तपासा. कोपरे गोल झाले असतील, तर हाताने फिरवताना ती पकडते, पण गवताचा भार आला की सटकते. त्याच जाडीच्या पोलादाची नवी घडवून घ्या. घासून कडा काढत बसलात, तर खिट्टी आखूड होईल.

हे सगळं ठीक असूनही पाती थांबत असतील, तर चाक घसरतंय का बघा. स्थिर पातं फार आवळलं, तर रीळ जड होतं आणि चाकं जमिनीवर फरफटतात. दोष गिअरचा वाटतो, असतो स्क्रूचा. वर्तमानपत्राची पट्टी दोन पात्यांमध्ये धरून रीळ हाताने सावकाश फिरवा. पूर्ण रुंदीभर पट्टी कात्रीसारखी कापली गेली आणि रीळ तरीही हलकं फिरलं, की बस. एका बाजूला कापते आणि दुसरीकडे दुमडते, असं झालं तर फक्त दुमडणाऱ्या बाजूचा स्क्रू पाव-पाव फेरा आवळा. दव पडलेल्या गवतावर मात्र चांगला मूव्हरही घसरतो, तिथे दुरुस्ती शोधू नका.

प्रश्न (बेळगाव) : साखळीचे मूव्हर कधी आले? साखळी बदलायची वेळ कशी ओळखावी?

उत्तर : लीड्सच्या थॉमस ग्रीन यांनी १८५९ मध्ये साखळीचा मूव्हर काढला आणि नाव ठेवलं ‘सायलेन्स मेसॉर’, लॅटिनमध्ये ‘मुका कापणारा’. ओतीव दात्यांच्या खडखडाटापुढे ती जाहिरातच होती. आजची बुश-रोलर साखळी (पिनांवर फिरत्या नळ्या असलेली) मात्र त्यानंतरची. ती मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांची, १८८० ची.

अर्धा इंच पिचच्या (पिच म्हणजे लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) साखळीचे २४ दुवे ताणून मोजा. नवी असताना ३०५ मिलिमीटर भरतात. ३११ च्या पुढे गेली, तर बदला. ताणलेली साखळी स्प्रॉकेटच्या, म्हणजे साखळीच्या दातेरी चाकाच्या, दात्यांवर चढते आणि नव्या साखळीबरोबर स्प्रॉकेटचाही खर्च पडतो.

प्रश्न (टोरांटो) : इथल्या एका शेती संग्रहालयात घोड्यांनी ओढायचं चाऱ्याचं कापणी यंत्र आहे. त्यात रीळ नाही, करवतीसारखी लांब पट्टी आहे. कापायला लागण्याआधी ते थोडं मागे घ्यायचे म्हणे, ते का?

उत्तर : तेही जमिनीकडूनच जोर घेतं. चाकांच्या आसावरून गिअर, बेव्हल गिअरने दिशा काटकोनात वळते, मग क्रँक, आणि क्रँकला जोडलेला लांब दांडा पट्टीला मागे-पुढे सरकवतो. हा दांडा बहुधा लाकडी असे. लाकूड हादरे सोसतं आणि पट्टीत दगड अडकलाच तर स्वस्तातला भाग मोडतो.

चाक फिरेपर्यंत पट्टी ढिम्म, हीच अडचण. उभ्या गवतात यंत्र थांबलं, की पट्टीच्या बोटांत, म्हणजे तिच्यासमोरच्या टोकदार स्थिर दात्यांत, गवत भरलेलं असतं. तिथूनच पुढे हाकलं, तर पट्टीला गती यायच्या आतच ती गच्च होते आणि चाकं घसरतात. दोन-तीन फूट मागे घेतलं, की गवताला भिडेपर्यंत पट्टी पूर्ण वेगात येते. नंतर गिअरची पट वाढवलेली आणि गिअर तेलात बुडवून बंद पेटीत ठेवलेली यंत्रं आली, तेव्हा हा खटाटोप बराच कमी झाला.

संग्रहालयात पुन्हा गेलात, तर दोन गोष्टी बघा. पट्टीची त्रिकोणी पाती एका टोकाला थांबतात, तेव्हा ती बोटांच्या बरोबर मध्यावर आहेत का? बोटांमधलं अंतर ३ इंच आणि पट्टीची धावही ३ इंच, त्यामुळे मध्य चुकला तर एका अंगाला गवत न कापताच चुरगळतं. दुसरं, पट्टीचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं पुढे ठेवलेलं असतं, दर फुटाला साधारण पाव इंच. कापताना गवत ते टोक मागे रेटतं आणि मग पट्टी बरोबर काटकोनात येते. यंत्र जुनं झालं, सांधे झिजले, की हा पाव इंच आधी जातो.