वाचकांचे प्रश्न : नफ्यावरचा कर उतरला, मस्टरवरची नावे का वाढली नाहीत?

प्रश्न : माझा मुलगा आयटीआयमधून टर्नरचे प्रशिक्षण घेऊन रबाळे येथील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करतो. दर अकरा महिन्यांनी त्याला कमी करतात आणि आठवडाभराने पुन्हा घेतात. कंपन्यांचा कर कमी केला की त्या विस्तार करतात आणि नोकऱ्या वाढतात, असे २०१९ पासून ऐकत आहे. खरोखर तसे घडले का?
(एक वाचक, कळवा)

उत्तर : कारखान्यात काम येऊन पडलेले असेल आणि ते उरकायला हात कमी पडत असतील, तर माणसे घेतली जातात. केवळ नफ्यावरचा कर उतरला म्हणून माणूस ठेवणारा मालक मी अद्याप पाहिलेला नाही. आणि वागळे इस्टेट व ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांचे हिशेब तपासण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत.

आधी २०१९ मध्ये काय झाले ते पाहू. त्या वर्षी २० सप्टेंबरला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी, इतर सवलती सोडून देण्यास तयार असलेल्या कंपन्यांसाठी आयकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. अधिभार आणि उपकर धरून तो सुमारे २५.१७ टक्के होतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून पुढे स्थापन होणाऱ्या नव्या उत्पादन कंपन्यांना तर मूळ दर १५ टक्केच ठेवला. यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. सेन्सेक्स त्या एका दिवसात १,९०० अंशांहून अधिक चढला. बाजाराचे काही चुकले नव्हते, कारण भागधारकांच्या वाट्याचा नफा खरोखरच वाढणार होता. रोजगाराचे काय होणार, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

आता आपल्या मुलाच्याच कामाचा हिशेब मांडू. समजा, एका टर्नरवर पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस मिळून वर्षाला ३ लाख रुपये खर्च होतो आणि त्याच्या हातून होणाऱ्या जॉबवर्कमधून माल व वीज वजा जाता ३ लाख ६० हजार रुपये येतात. पगाराचा खर्च कर आकारण्यापूर्वीच वजा होतो, त्यामुळे कर लागतो तो उरलेल्या ६० हजारांवर. दर ३० टक्के असताना मालकाकडे ४२,००० रुपये उरत, २२ टक्क्यांनी ४६,८०० उरतात. माणूस ठेवणे दोन्ही वेळा फायद्याचेच आहे. काम रोडावले आणि त्याच माणसामागे २ लाख ७० हजारच येऊ लागले, तर ३० हजारांचा तोटा होतो. हा तोटा इतर नफ्यातून वजा करता येतो, म्हणून जुन्या दराने मालकाला प्रत्यक्षात २१,००० रुपयांची झळ बसे. नव्या दराने २३,४०० रुपयांची बसते. म्हणजे काम नसताना माणूस सांभाळून ठेवणे कर उतरल्यावर उलट महाग पडते. ही गंमत अर्थसंकल्पावरच्या भाषणांत कधी ऐकू येत नाही.

यंत्राचा हिशेब वेगळा असतो, हे मान्य केले पाहिजे. यंत्राची किंमत एका वर्षात खर्ची टाकता येत नाही, ती घसाऱ्याच्या रूपाने हळूहळू वजा होते. त्यामुळे नवे यंत्र घ्यावे की नाही आणि नवा कारखाना कोणत्या राज्यात किंवा देशात काढावा, या निर्णयांत कराच्या दराला वजन असते. पण जुनी यंत्रेच रिकामी असतील तर नवे घेणार कोण? रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०१९ च्या उत्तरार्धात कारखान्यांच्या उत्पादनक्षमतेचा वापर ७० टक्क्यांच्या आसपास आला होता. वाहन उद्योगातील मंदीचे ते वर्ष होते. दिवाळीच्या आधी मी एका कारखान्यात साठा मोजायला गेलो, तेव्हा तीन सीएनसी लेथपैकी एकावर निळी ताडपत्री घातलेली होती, आणि त्या लेथचा ऑपरेटर बाकड्यावर बसून तेच ते इन्सर्ट (धातू कापणारी छोटी पाती) चिंधीने पुसून डबीत लावत होता. मालकांनी मला चहा दिला आणि हसत विचारले, “आपला कर किती कमी झाला हो?” मला सांगावे लागले की काहीच नाही. त्यांची भागीदारी संस्था होती. २२ टक्क्यांचा दर कंपन्यांसाठी आहे. भागीदारी संस्थेला आजही ३० टक्के आणि त्यावर उपकर भरावा लागतो. आपल्या औद्योगिक वसाहतींतले निम्मेअधिक गाळे पालथे घातलेत, तरी आपल्याला बहुधा भागीदारी किंवा एकट्या मालकाचाच धंदा भेटेल. ज्यांची कंपनी होती, त्यांतील ४०० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना २५ टक्क्यांचा दर आधीच, त्याच वर्षीच्या जुलैमधील अर्थसंकल्पात, मिळालेला होता. सप्टेंबरच्या कपातीचा मोठा वाटा मग कोणाकडे गेला, हे वेगळे सांगायला नको.

सहा महिन्यांत कोविड आला, त्यामुळे कपातीचा शुद्ध परिणाम वेगळा काढून दाखवणे कठीण झाले; समर्थक हे म्हणतात आणि ते खोटे नाही. तरीही २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात सरकारनेच लिहून ठेवले आहे की, २०१९-२० ते २०२२-२३ या काळात ३३ हजारांहून अधिक कंपन्यांचा करपूर्व नफा जवळपास चौपट झाला आणि नोकरभरती व वेतनवाढ त्याच्या मागेच राहिली. पुढच्या वर्षीच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, तर रोजगार केवळ १.५ टक्क्यांनी. नोंदणीकृत कारखान्यांतील माणसे अजिबात वाढली नाहीत, असे मात्र नाही. उद्योगांच्या वार्षिक पाहणीत ती २०२२-२३ मधील सुमारे १ कोटी ८४ लाखांवरून पुढच्या वर्षी १ कोटी ९५ लाखांवर गेली. परंतु कारखान्यांतील कामगारांत दर दहापैकी चार आपल्या मुलासारखे ठेक्यावरचे असतात.

ठाणे-नवी मुंबईच्या वाचकाला याहून चांगला पुरावा घराजवळच मिळतो. २००५ च्या कायद्याने विशेष आर्थिक क्षेत्रातील (सेझमधील) निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे संपूर्ण आणि पुढची पाच वर्षे निम्मी करमाफी दिली. तिच्या आधारावर ऐरोलीत आयटी सेझ उभे राहिले आणि भरले. सकाळी नऊच्या गाडीने ऐरोली स्थानकात जी गर्दी उतरते, ती त्याचीच. त्याच कायद्याखाली द्रोणागिरी, उलवे आणि कळंबोली येथे सुमारे दोन हजार हेक्टरांवर नवी मुंबई सेझ व्हायचे होते. वर्षानुवर्षे तिथे गवतच वाढले, आणि शेवटी त्या जागी एकात्मिक औद्योगिक क्षेत्राला परवानगी देण्याची वेळ आली. शहर तेच आणि करमाफीही तीच. फरक एवढाच की, ऐरोलीत येणाऱ्या कंपन्यांकडे परदेशी ग्राहकांचे काम तयार होते आणि २००४ मध्ये सुरू झालेली ठाणे-वाशी लोकल दारात होती. २०११ मध्ये सेझवर किमान पर्यायी कर, म्हणजे करमाफी असली तरी नफ्यावर भरावाच लागणारा किमान कर, लावल्याने गुंतवणूकदारांचा उत्साह मावळला, असे द्रोणागिरीच्या बाजूने सांगितले जाते. मात्र तो कर ऐरोलीलाही लागलाच होता.

करसवलत माणसांच्या संख्येशी बांधली, तर गोष्ट थोडी बदलते. आयकराच्या ८०जेजेएए या कलमाने, दरमहा २५ हजारांपर्यंत पगार असलेला नवा कर्मचारी घेतल्यास त्याच्या वाढीव पगाराच्या ३० टक्के इतकी जादा वजावट तीन वर्षे देऊ केली, आणि ती कंपनी, भागीदारी सर्वांना खुली ठेवली. १ ऑगस्ट २०२५ पासूनच्या प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत, वाढवलेल्या प्रत्येक माणसामागे मालकाला दरमहा ३,००० रुपयांपर्यंत मिळतात, मात्र तो माणूस किमान सहा महिने टिकला पाहिजे. या योजनांतही पळवाटा निघतील. परंतु पैसे निदान मस्टर पाहून दिले जातात.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये माझा शीट मेटलचा कारखाना आहे. माझ्याकडे १९ कामगार आहेत. विसावा घेतला की कायदे मागे लागतात. आता कामगार कायदे शिथिल झाले आहेत. त्यामुळे माझ्यासारखे उद्योजक मोकळेपणाने माणसे घेऊ लागतील, असे आपल्याला वाटते का?
(एक उद्योजक, ठाणे)

उत्तर : आपल्यासाठी काय शिथिल झाले, ते आधी पाहिले पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांपैकी सर्वाधिक चर्चा झाली ती कामगारकपात आणि कारखानाबंदीसाठी लागणाऱ्या सरकारी परवानगीची. ही अट १९७६ मध्ये आली तेव्हा ३०० कामगारांना होती, पुढे १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० वर आली आणि आता पुन्हा ३०० झाली आहे. आपल्या १९ जणांचा या तिन्ही आकड्यांशी संबंध नाही. आपला अडसर वीस हा आहे, कारण वीस कर्मचाऱ्यांपासून भविष्यनिर्वाह निधी लागू होतो, आणि ती मर्यादा हललेली नाही. उलट, वीज वापरणाऱ्या जागेला ‘कारखाना’ म्हणण्याची मर्यादा पूर्वी दहा कामगारांची होती, ती आता वीस झाली आहे. म्हणजे आधी दहाव्या आणि विसाव्या पायरीवर वेगवेगळे असलेले दोन अडथळे आता विसाव्याच पायरीवर एकत्र आले. एकोणिसावर थांबण्याचे कारण यामुळे वाढले आहे, असे माझे मत आहे.

नियम काढल्याने रोजगार वाढतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. तो कोणता नियम आहे, यावर सारे अवलंबून असते. काही वस्तू लघुउद्योगांनीच बनवाव्यात, हे १९६७ मध्ये सुरू झालेले धोरण आपल्याला आठवत असेल. एके काळी त्या यादीत आठशेहून अधिक वस्तू होत्या आणि शेवटच्या वीस वस्तू २०१५ मध्ये निघाल्या. हे आरक्षण काढल्यावर जुने छोटे कारखाने आकसले, परंतु नव्याने आलेल्या आणि वाढू शकणाऱ्या कारखान्यांनी त्याहून अधिक माणसे घेतली, असा लेस्ली मार्टिन, शांती नटराज आणि अ‍ॅन हॅरिसन यांच्या २०१७ च्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. तिथे वाढ कायद्यानेच अडवलेली होती, त्यामुळे कायदा निघताच ती झाली.

जकातीचे उदाहरण तर आपण दोघांनीही पाहिले आहे. मुलुंड चेकनाक्यावर रात्री ट्रकांची रांग लागायची आणि पावतीवाले एजंट कंदिलाच्या उजेडात टेबले मांडून बसायचे. ती जकात चुकवण्यासाठी भिवंडीजवळच्या काल्हेर, पूर्णा, राहनाळ या गावांत गोदामे झाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. आता भिवंडीची गोदामे ओस पडतील, असे तेव्हा मलाही वाटले होते. झाले उलटेच. जागोजागच्या लहान गोदामांची गरज संपताच कंपन्यांना एकाच ठिकाणी मोठी गोदामे हवी झाली आणि भिवंडी वाढतच गेली. एजंटांची रोजी गेली ती गेलीच. पण पॅकर, हमाल आणि फोर्कलिफ्ट चालवणारे यांना काम मिळाले. ते काम बहुतांशी ठेक्यावरचे आहे, हेही नोंदवतो.

काही नियम मात्र माणसे जिवंत राहावीत म्हणून असतात. मे २०२४ मध्ये डोंबिवली एमआयडीसीत रासायनिक कारखान्याचा स्फोट झाल्यावर, तपासणी कमी करा असे निदान महिनाभर तरी कोणी म्हणाले नाही. आपल्या फायद्याचा एक नियम तर नव्याने आलेला आहे. लघुउद्योगाचे बिल ४५ दिवसांत दिले नाही, तर मोठ्या ग्राहकाला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, ही आयकरातील तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. विसावा कामगार घ्यावा की नाही हे ठरवताना, आपले अडकलेले पैसे कधी येतात याचा विचार आपण कायद्यांच्या आधी करत असाल, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : महाराष्ट्रात कारखान्यांना बारा तासांची पाळी चालवण्याची मुभा मिळाली. यामुळे रोजगार वाढेल की घटेल?
(एक वाचक, महापे)

उत्तर : राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये तसा निर्णय घेतला, पण आठवड्याच्या ४८ तासांची मर्यादा कायम ठेवली आहे. तेवढ्यावरच थांबल्यास माणूस चार दिवस बारा तास येईल आणि मस्टरवरची संख्या बदलणार नाही. लक्ष ठेवायचे ते ओव्हरटाइमवर. कामगाराच्या लेखी संमतीने तो तिमाहीत ११५ ऐवजी १४४ तास घेता येईल. तेरा आठवड्यांचे नेहमीचे काम ६२४ तासांचे होते, आणि चौघांनी पूर्ण ओव्हरटाइम केला तर त्यांचे जादा तास ५७६ भरतात. म्हणजे पाचव्या माणसाचे जवळपास सगळे काम चौघेच उरकतात. ओव्हरटाइमला दुप्पट दराने मजुरी द्यावी लागते, हाच काय तो त्याला लगाम; आणि ती दुप्पट मजुरी ठेकेदाराच्या पगारपत्रकावर खरोखर दिसते का, हे आपल्या ओळखीतल्या कोणत्याही कामगाराला विचारून पाहावे.